म्हस्कूआबाचा पुरावा

शेळगावच्या म्हस्कूआबाच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली, आबानं संशय राखला. कुणी हसून रामराम घातला तरी तो पुढच्या वळणापर्यंत विचार करायचा, हा हसला कशापायी?

सत्त्याण्णव सालच्या चैत्रात मात्र त्याला खरोखरीचं कारण सापडलं. ओढ्याकाठी, त्याच्या आणि कुंडलिकच्या बांधावर, हद्दीची खूण म्हणून दोघांच्या बापांनी राखलेलं वाळुंजाचं झाड होतं. झाड गेलं की बांध सरकला, हे आबाचं गणित. आणि त्या झाडाची पानं आता चाळणीसारखी झाली होती. पलीकडं कुंडलिक पाठीला पंप लावून वांग्यांवर फवारत होता.

"झाड जाळतोय त्यो," आबा बायकोला म्हणाला.

"त्याला काय खूळ लागलंय?" साखरबाई म्हणाली.

"तू त्याच्या घरची वांगी खाती. तुला न्हाय कळायचं."

दुसऱ्या दिवशी शेळ्यांना पाला काढायला आबानं जुन्या रीतीनं झाडाखाली घोंगडी अंथरली आणि आकडीनं फांदी हलवली. पाल्याच्या आधी काळ्या लोकरीवर टपाटपा दाणे पडले. ज्वारीएवढे, निळे, चकचकीत. औषधच की! बोट न लावता आबानं ते पानानं काडेपेटीत लोटले आणि तडक पार गाठला.

पारावर गावचे तंटे मिटवणारे हिंदुरावतात्या बसलेले, शेजारी नेमका कुंडलिक.

"तात्या, ह्यो बघा पुरावा! ह्यानं झाडाला इख घातलंय!" आबानं पेटी तात्यांच्या मांडीवर उपडी केली.

दाणे गप पडून राहिले. मग एकाला पाय फुटले. मग दुसऱ्याला. बघता बघता पुरावा तात्यांच्या धोतरावरून चालू लागला आणि त्यातला एक उडून थेट मिशीवर बसला.

"आबा, तुमचा पुरावा तात्यांच्या गळ्यात पडाय निघाला," कुंडलिक म्हणाला.

"भुंगेरं हायेत ही, म्हस्कू," मिशी झटकत तात्या म्हणाले. "फांदी हलली की मेल्याचं सोंग घेत्यात. पानं हीच खात्यात."

हसून हसून डोळे पुसत कुंडलिक म्हणाला, "उद्या पंप आणतो आबा, झाडावर एक हात मारू."

"तुझा पंप माझ्या झाडाला लागायचा न्हाय!"

मग रोज सकाळी आबा फांदी हलवायचा आणि घोंगडीवर पडलेले भुंगेरे रॉकेलच्या डब्यात झटकायचा. घोंगडीचं दुसरं टोक धरायला माणूस लागायचं. ते कुंडलिक धरायचा. महिन्याभरात झाडाला कोवळी पालवी आली.

आबाची नजर मात्र पालवीवर नसायची. कुंडलिकचे पाय बांधाच्या पलीकडं आहेत की अलीकडं, तेवढंच तो बघायचा.