जळजळ थांबली तेव्हा

कल्पना करा, तुम्ही पायडलच्या शिलाई मशीनवर बसला आहात. डोळे सुईवर, दोन्ही हात कापडावर, पण मशीनचा वेग मात्र तळव्यांत. कॉलरचं टोक आलं की पाय जरासा आवरायचा; सुई नेमकी कोपऱ्यावर थांबली पाहिजे. आता समजा, तळव्याखाली पायडल आहे की नाही हेच कळत नाही. वाकून बघावं, तर तेवढ्यात वर शिलाई भरकटते.

आमच्या गल्लीतल्या शिंपी मास्तरांचं काम सध्या असं चालतं.

मास्तरांना मधुमेह जुना. गोळ्या चालू होत्या, पण पाय मिरची चोळल्यासारखे जळायचे. मशीनवरून उठून ते दुकानाच्या गार फरशीवर तळवे टेकवून उभे राहायचे. ते पाहून बायकोच्या भावाने उपाय आणला.

"दाजी, गोळ्यांनी का कुठे मुळापासून बरं होतं? रोज कारल्याचा रस घ्या आणि अनवाणी चाला. पाय ठणठणीत!"

"तोंड कडू होईल रे."

"तुमचं तोंड गोड कधी असतं?" बायको आतून म्हणाली.

मास्तरांनी नाक दाबून रस प्यायला सुरुवात केली. दुकानातही चप्पल काढली. काही महिन्यांनी जळजळ कमी झाली, मग थांबलीच. मास्तर हरखून गेले. त्यांनी गोळ्या बंद केल्या. पँटचं माप घेता घेता ते गिऱ्हाइकांना कारल्याचे गुण सांगू लागले. मेहुण्याची तर कॉलर अशी ताठ झाली, की त्यात कॅनव्हास मास्तरांनीच घातलाय असं वाटावं.

कॉलरचे कोपरे बिघडू लागले, त्याचं खापर मास्तरांनी मशीनवर फोडलं. तेलपाणी केलं, पट्टा बदलला.

एका दुपारी बायको दुकान झाडत होती. पायडलवर तिला काळपट डाग दिसला.

"अहो, पाय दाखवा."

"तेल असेल गं."

"दाखवा म्हणते ना!"

उजव्या पायाच्या करंगळीखाली टाचणी रुतलेली होती. भोवती पू, आणि करंगळी काळी पडलेली. त्याच पायाने मास्तर पायडल मारत होते.

डॉक्टरबाईंनी मास्तरांना डोळे मिटायला सांगितलं. कडक नायलॉनचा दोरा लावलेली एक काडी बाईंच्या हातात होती. "दोरा टेकवला की हो म्हणायचं."

मास्तर लक्ष देऊन बसले. जरा वेळाने म्हणाले, "करा ना सुरू."

"दोन्ही पाय झाले, मास्तर."

बायकोने पदर तोंडाला लावला. मेहुणा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

"पण जळजळ तर गेली होती," मास्तर म्हणाले. "बरं झालं नव्हतं का?"

"साखरेने नसा खराब होत होत्या, म्हणून पाय जळत होते. जळजळ थांबली, कारण त्या नसा आता मेल्या. कारलं भाजीत खा, माझी हरकत नाही. चालणंही चांगलं, पण अनवाणी नको. गोळ्या मात्र सोडायच्या नव्हत्या."

करंगळी काढावी लागणार होती. जखम वर पसरली तर पाऊलही. डावा पाय टिकवायचा तर रोज तळवा आरशात बघायचा, बूट घालायच्या आधी आत हात फिरवायचा, साखर ताब्यात ठेवायची. गेलेली जाणीव बहुधा परत येणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

"मशीनला मोटर बसवू, दाजी," मेहुणा हळूच म्हणाला.

"तीही पायानेच दाबतात," मास्तर म्हणाले.

बाई चिठ्ठी लिहू लागल्या. मास्तर बोटाने आपला तळवा दाबून बघत होते, वेगवेगळ्या जागी, पुन्हा पुन्हा.

"बाई," ते म्हणाले, "दुखणं थांबवायच्या गोळ्या असतात. पुन्हा दुखायला लागावं, अशी एखादी नसते का हो?"