पिना मारलेली पानं

सोफेवाले काका आयुष्यात एकही व्हिडिओ गेम जिंकले नाहीत. बटणं दाबायची म्हटलं की त्यांचे दोन्ही अंगठे एकमेकांवर रुसल्यासारखे वागत. तरी व्हिडिओ गेमचं मासिक ते दर महिन्याला विकत घेत, लेक शाळेत होती तेव्हापासून. "खेळता काही येत नाही आणि वाचायची मात्र कोण हौस!" असं काकू म्हणत, आणि अंक घरात आला की आधी चाळून बघत त्या त्याच.

काकांचं काम जुने सोफे नवे करण्याचं. दुकानात पाय ठेवायला जागा नसे. कुठे फोमचे तुकडे, कुठे रेक्झिनचे गुंडाळे, आणि मधोमध एखादा सोफा उताणा पडलेला, स्प्रिंगा बाहेर काढून. जुनं कापड काढायचं तर आधी त्याच्या पिना काढाव्या लागतात, आणि कापडाचा एक धागाही न ओढता पिन उचलावी ती काकांनीच. नवी पिन ठोकण्यातही त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ही ठोकाठोकी पुढे मासिकापर्यंत पोहोचली.

झालं असं, की लेक शाळेत असताना बापलेकीची वाटणी ठरलेली होती. बटणं ती दाबायची. काका मासिक वाचायचे आणि "डावीकडच्या दारात शिरू नकोस, घात होईल!" असं मागून ओरडायचे. मासिकाच्या शेवटी खेळांची उकल छापलेली असे. लेकीला धीर म्हणून नव्हता. जरा कुठे अडलं की ती शेवटची पानं उघडून मोकळी व्हायची. मग काकांनी नियमच काढला. अंक हातात पडला की आधी शेवटच्या पानांना पिना मारायच्या आणि दोघांचं एकमत झालं तरच त्या काढायच्या. एकमत होईपर्यंत बऱ्याचदा खेळच सुटायचा. नाही सुटला, तर अंक पिनांसकट कपाटात जायचा.

लेक मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. नोकरीच्या धबडग्यात तिचं खेळणं सुटलं. पण काकांनी "अंक आला" एवढा निरोप पाठवला की संध्याकाळी तिचा फोन यायचाच. काका एखाद्या खेळाचं परीक्षण वाचून दाखवायचे आणि मासिकाने त्याला दहापैकी किती गुण दिले ते तिने ओळखायचं. एरवी ती फोन करायची तो आईला, आणि त्यात काकांच्या वाट्याला "बाबा बरे आहेत ना?" एवढंच यायचं. अंकाच्या संध्याकाळी मात्र ती फक्त त्यांची असायची.

जावई मनाचा चांगला, पण बोलायला फटकळ. मागच्या भेटीत म्हणाला, "बाबा, छापून येईपर्यंत बातमी शिळी होते. हे सगळं फोनवर आयतं मिळतं. मासिक घ्यायचं कशाला?"

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्या फोनवरच्या पानाला पिना मारता येतात का?"

लेक चहाच्या कपाआड हसत होती.

आणि मग एका महिन्यात अंक आलाच नाही. काकांनी पेपरच्या स्टॉलवर हेलपाटे घातले. शेवटी त्यांचा पारा चढला.

"माझा अंक तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी दिलात."

"अहो काका, बंद पडलं ते मासिक," पेपरवाला म्हणाला. "मागच्या अंकात त्यांनीच लिहिलंय की."

"मला सांगताय? पहिल्या पानापासून वाचलाय मी तो अंक."

"आणि शेवटची पानं?"

काका तसेच मागे फिरले. मासिकवाल्यांनी निरोप घ्यायला नेमकी शेवटची पानं निवडली होती, आणि ती काकांनी दुकानात शिरताच, सवयीने, न बघता ठोकून टाकली होती.

परत येऊन त्यांनी पिना काढल्या. घाईत कागदाचा कोपरा फाटला. इतकी वर्षं साथ दिलीत, आता वाचक उरले नाहीत, आम्ही थांबतो, असं काहीबाही लिहिलं होतं. काकांना मासिकाचं वाईट वाटलंच, पण खरी धास्ती घेतली ती वेगळ्याच गोष्टीची. आता लेक आपल्याला फोन करील तो कशासाठी?

त्यांनी कपाटातून हाताला लागला तो जुना अंक काढला आणि लेकीला निरोप पाठवला, "अंक आला."

"अहो, पोटच्या पोरीला थापा मारता?" काकू म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नकोस."

संध्याकाळी फोन वाजला. काकांनी बर्फातल्या खाणीत हरवलेल्या माणसाच्या खेळाचं परीक्षण वाचलं, तेही नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. वाचून झाल्यावर विचारलं, "सांग, किती गुण?"

"सात," लेक म्हणाली.

"शाबास! कसं ओळखलंस?"

"बाबा, त्या पानावर चहाचा डाग आहे ना? मी सांडला होता. आई केवढी ओरडली होती."

काकांचं बोट डागावरच होतं.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"बंद झाल्याचं? महिना झाला. फोनवर वाचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला कळलं की तुम्ही निरोपच पाठवणार नाही. आणि मग मी तुम्हाला काय म्हणून फोन करू? तुम्ही तर लगेच आईकडे फोन देता."

"मलाही हीच भीती होती गं," काका म्हणाले. "म्हणून तर ते शेवटचं पान वाचल्यापासून..."

"एक मिनिट." लेकीचा आवाज एकदम शाळेतल्यासारखा झाला. "शेवटचं पान वाचलंत? म्हणजे पिना काढल्यात? मला न विचारता?"

काका चपापले. "चुकलं माझं."

"असं कसं चुकलं? नियम कुणाचा होता? ते काही नाही, माझं मत नाहीये. बंद करा ती पानं. आणि पुढच्या महिन्यात दुसरा अंक काढा कपाटातून. मी फोन करते."

फोन ठेवल्यावर काकांनी निरोपाची पानं मिटली आणि फाटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. मग पिना घेतल्या आणि जुन्या भोकांवर नेम धरून ती पानं पुन्हा बंद करून टाकली.