दादा आणि एका पानाचे साठ फोटो

दादा स्क्रीनला नाक टेकवून बसला होता.

"लाल कुठे आहे ते सांग."

"खाली उजवीकडे. बारीक रेघ आहे."

"किती बारीक?"

"तुझ्या मिशीएवढी."

तो हसला आणि त्याने 'मंजूर' दाबलं.

हेच त्याचं काम. वेबसाइटचं एकच पान साठ ठिकाणी उघडायचं. नव्या ब्राउझरमध्ये, जुन्या ब्राउझरमध्ये, लोक अजून वापरतात त्या आठ-आठ वर्षं जुन्या फोनमध्येही. उघडायचं काम मशीन आपोआप करतं. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढतं, कालच्या फोटोशी ताडून बघतं आणि फरक सापडला की तिथे लाल रंग ओततं. तो फरक चालेल की नाही, एवढंच माणसाने ठरवायचं. पण एकदा मंजूर म्हटलं की उद्यापासून तोच फोटो बरोबर. मशीन परत त्यावर तोंड उघडत नाही.

ऑफिसात दादाला दुर्बीण म्हणायचे. केसभर सरकलेलं बटण तो चहा पिता पिता पकडायचा. अकरा वर्षं त्याने हेच केलं. मग त्याची नजर कडेकडेने जायला लागली. आधी दाराची चौकट खांद्याला लागायची, मग पायरी चुकायला लागली, आणि शेवटी लाल आणि राखाडी त्याला एकच दिसायला लागलं. आजाराला औषध नव्हतं. डॉक्टर नुसते थेंब टाकून आत बघायचे आणि मान हलवायचे.

ऑफिसला कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. दुसरीकडे त्याला कोण घेणार होतं? आई आणि मी त्याच्याच जिवावर. मी नववीत शाळा सोडलेली, वर दोन नोकऱ्या या तोंडापायी घालवलेल्या. त्याने घरून काम मागून घेतलं आणि मी शेजारी खुर्ची टाकली. डोकं दुखलं की तो आडवा व्हायचा, मग मी एकटीच फोटो बघायचे. मला एका जागी बसवत नाही. चारशे फोटो म्हणजे जीव जायचा माझा.

"नीट बघतेस ना गं?"

"बघते रे! डोळे फुटलेत का माझे?"

बोलून गेले आणि जीभ चावली.

"नाही ना?" तो म्हणाला. "मग सांभाळ. घरात दोघांना पुरवायचेत."

मग ते झालं. एका दवाखान्याचं पान होतं, डायलिसिसची वेळ घ्यायचं. जुन्या एका ब्राउझरमध्ये 'वेळ घ्या' हे बटण पांढऱ्यावर पांढरं झालं. मशीनने लाल ओतलं होतं. पण आमच्याकडून मंजूर गेलं. त्यानंतर नऊ दिवस मशीन रोज सांगत राहिलं, सगळं ठीक आहे. ज्यांचे फोन जुने, त्यांना बटणच दिसेना. दवाखान्याचा नंबर सतत बिझी. एका आजोबांचं लागोपाठ दोनदा डायलिसिस चुकलं. छातीत पाणी भरलं आणि ते गेले. त्यांच्या मुलीने त्यांचा जुना फोन उचलून थेट दवाखान्याच्या टेबलावर आपटला, तेव्हा कुठे सगळ्यांना जाग आली.

दादाची मीटिंग घरूनच, स्क्रीनवर. मी भाजी घेऊन आले तेव्हा ती अर्धी उरकली होती.

"एवढं मोठं बटण तुम्हाला दिसलं नाही?" मॅनेजरबाई विचारत होत्या.

"नाही मॅडम. माझी नजर गेलीय. वर्ष झालं. मी लपवलं."

मी पिशवी टाकून पुढे घुसले. "अहो, आजारी माणूस आहे तो! अकरा वर्षं राबला तुमच्यासाठी..."

"कोण आहे तिथे?"

"बहीण," दादा म्हणाला. "तिला यातलं काही कळत नाही." आणि मला म्हणाला, "आत जा. गप बस."

इतक्या वर्षांत तो माझ्यावर तसा कधी ओरडला नव्हता.

नोकरी गेलीच. आता दादा दिवसभर पलंगाच्या कडेला बसून असतो. पाणी भरलेल्या ग्लासात बोट बुडवून बघतो, किती भरलाय ते. मामा येऊन म्हणाला, "डोळे गेले होते तर बसायचं नाही खुर्चीवर. माणूस मारला त्याने." मी मामाच्या चपला जिन्यात फेकल्या. गल्लीत कोणी कुजबुजलं तरी मी भांडायचे. म्हणायचे, दिसलं असतं तर दाबलं असतं का त्याने? आंधळ्याला दोष देता, लाज नाही वाटत?

दादा आतून म्हणायचा, "सोड ना. तू नको भांडूस."

आठ महिन्यांनी त्याच्या जागेवर आलेला मुलगा भेटायला आला. निघताना जिन्यात मला म्हणाला, "मंजूर कोणी, कधी केलं, सगळं नोंदलेलं असतं. ते बटण त्यांच्या नावाने बुधवारी मंजूर झालं, अकरा चाळीसला." मी तारीख विचारली. घरात येऊन दादाची तपासणीची फाइल काढली. त्या बुधवारी साडेदहा ते एक तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे होता, आई त्याच्यासोबत होती. खुर्चीत मी होते.

आणि ही नोंद, तो मुलगा जाता जाता म्हणाला होता, मीटिंगच्या सुरुवातीलाच, मी भाजी घेऊन यायच्या आधी, दादाला वाचून दाखवली होती.