आधी कणा बघा

"आधी कणा बघा, मग कढई तापवा." तलावावर कुणी मासा विकत घेतला की वस्तीतले म्हातारे मामा, सगळ्यांचेच मामा, पुढे व्हायचे आणि माशाच्या पाठीवरून अंगठा दाबत न्यायचे. स्फोटाने मेलेल्या माशाचा कणा आतून मोडतो, हे आमच्या आष्टीकडे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे.

आता तुम्हीच सांगा, एवढं कुणाला कळतं? तरुणपणी मामा विहिरींना सुरुंग लावायचे. डाव्या हाताची दोन बोटं त्यातच गेलेली. मी मच्छीमार सोसायटीचा सचिव, स्वभावानं संशयी. त्या उन्हाळ्यात कुणीतरी तलावात चोरून जिलेटीन फोडत होतं. सकाळी बोटाएवढी पिल्लंसुद्धा पोट वर करून तरंगायची. माझी नजर मामांच्या त्या हातावरून हटेना.

स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारणं गुन्हा आहे, असा फलक आम्ही बांधावर लावला. मामांना सहीपुरतीच अक्षरं यायची. दोन दिवसांआड येऊन विचारायचे, "साहेब, ह्याला नुस्ता दंड हाय का जेल बी हाय?"

"जेल बी हाय. कावून विचारता, मामा?"

"काय न्हाई. आपलं विचारलं."

चोराच्या मनात चांदणं, म्हटलं मी. एका सकाळी पोलिसांसाठी अर्ज लिहायला घेतला आणि संशयित म्हणून मामांचं नाव घातलं. तेवढ्यात मामाच दारात. पिशवीतला मासा त्यांनी टेबलावर ठेवला.

"कणा बघा."

मी अंगठा फिरवला. कणा मोडलेला होता.

"जावयानं आनून दिला, कौतुकानं. विहिरीच्या कामावर हाय त्यो. लिव्हा त्याचं नाव." त्यांनी टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं. "लेक आता माजं तोंड बघनार न्हाई. पर तळं रिकामं झाल्यावर वस्तीनं खायाचं काय?"

मग त्यांचं लक्ष अर्जाकडे गेलं. ओळखीच्या तेवढ्याच अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं. "माजं नाव आधीच घातलंय व्हय? तुमाला कसं कळलं, तक्रार द्यायला मीच येनार म्हून?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगायची छाती झाली नाही. ते गेल्यावर अर्ज फाडला आणि नवा लिहिला.

जावई पकडला गेला. लेकीनं माहेर तोडलं. मागच्या पावसाळ्यात मामा गेले, तेव्हा ती मातीलाही आली नाही. खांदा द्यायला मी होतो. शेवटपर्यंत मामा भेटेल त्याला सांगायचे, "समदे माज्यावर संशय घेत व्हते. एकट्या सचिव साहेबानं इस्वास ठिवला. मी जायच्या आधीच माजं नाव लिवून ठिवलं व्हतं."