गुडघे टेकायला माणूस हवा

पेंटरांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं. पण देवाचं चित्र काढायचं असलं की माणूस वेगळाच व्हायचा. आधी हात धुणार, मग डोळे मिटून प्रार्थना, मग जवसाच्या तेलात रंग घोटणार. चर्चमधल्या एकाही चित्राखाली त्यांची सही नाही. "सही केली की देव गिऱ्हाईक होतो," म्हणायचे. जीभ तिखट, आणि राग तर सात पिढ्यांना पुरेल एवढा.

त्या रागातला मोठा वाटा धाकट्या भावाचा. आई गेली, निरोप पोचला, तरी हा मातीला आला नाही. त्याला अकरा वर्षं झाली. आता तो परतून मागच्या गल्लीत एका खोलीत राहत होता. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, आणि पेंटर त्याच्याकडे न बघता निघून जायचे.

अशात फादरांनी वेदीमागं लावायला उधळ्या पुत्राचं चित्र सांगितलं. घर सोडून गेलेला मुलगा परत येऊन गुडघे टेकतो आणि बाप त्याला पोटाशी धरतो, ते. पेंटरांनी बाप झकास उतरवला. मुलगा काही जमेना. शेजारच्या टेलरला बसवून पाहिलं, तर तो पडलेली सुई शोधतोय असंच वाटे. तीनदा रंग खरवडला.

"चित्र काढताय की सूड घेताय?" बायको म्हणाली. खरं होतं. पेंटर चौथ्यांदा रंग खरवडायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती दिराला हाताला धरून घेऊन आली. "माणूस आणलाय. बोलायचं नसेल तर बोलू नका. रंगवा."

पेंटरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फादरांना शब्द दिला होता. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. धाकट्यानं गुडघे टेकले, पुढं वाकला आणि तोल जाऊन हातांवर पडला. पन्नाशीचा माणूस, हवेला कुठवर टेकणार?

"अहो, पुढ्यात बाप नको का? उभे राहा की!" बायको पेंटरांना म्हणाली.

पेंटर ब्रश हातात घेऊनच उभे राहिले. भावाचं कपाळ त्यांच्या पोटाला टेकलं. केस पार पांढरे झालेले. हा आपल्याहून नऊ वर्षांनी लहान, हे आठवून त्यांना भडभडून आलं.

"आईच्या वेळी आलो होतो, दादा," तो तसाच वाकून म्हणाला. "फाटकापर्यंत. तू दारात उभा होतास. आत यायला तोंड नव्हतं."

पेंटरांना ते दार आठवलं. ते खरंच तिथं उभे होते, येऊ दे, बघतोच, असं मनात म्हणत.



"दादा, गुडघे दुखतात. अजून किती वेळ?"

"चित्र होईपर्यंत हलायचं नाही," पेंटर म्हणाले. ब्रश केव्हाच खाली पडला होता, आणि त्यांचे दोन्ही हात भावाच्या पाठीवर होते.