सुट्टी सिगारेट आणि पाकिटावरचं चित्र

"कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय," बोरिवलीच्या हॉस्पिटलमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर बायोप्सीचा रिपोर्ट वाचून म्हणाले. बायोप्सी म्हणजे संशयित जागेचा इवलासा तुकडा काढून तपासणं. माझ्या डाव्या स्वरतंतूवर गाठ होती. शेजारी बसलेल्या बायकोने, मीनाने, पर्सची चेन नुसतीच उघडली आणि बंद केली.

"पाकिटावर एवढं मोठं चित्र असतं हो," डॉक्टर म्हणाले. "ते बघून कधी काही वाटलं नाही?"

वाटलं होतं. म्हणूनच तर मी पाकीट घेणं बंद केलं होतं.

हे नीट सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आज हेच करत असेल.

अंधेरीला आमच्या ऑफिसखाली पानाची टपरी आहे. पाकिटावर घसा सडलेल्या माणसाचं चित्र आलं, तेव्हापासून ते शर्टाच्या खिशात नको वाटायला लागलं. मी टपरीवरून एकेक सुट्टी सिगारेट घ्यायला लागलो. सुट्ट्या विकायला बंदी आहे, तरी मिळतात. पाकीट टपरीवाल्याच्या फळीखाली राहतं. आपल्या हातात नुसती पांढरी सिगारेट येते. तिच्यावर कुणाचा घसा नसतो.

ऑफिसातला माझा मित्र दिलीप पाकीट घ्यायचा. त्यालाही मीच सुट्टीची सवय लावली. "पाकीटवाले ते खरे फुकणारे, आपण शौकीन," असं आम्ही म्हणायचो. दर वेळी खाली उतरायचं म्हटलं की कमी ओढल्या जातील, असं मला वाटलं होतं. झालं उलटं. कधी तो हाक मारायचा, कधी मी. पाकीट रिकामं झालेलं दिसतं, सुट्ट्या किती झाल्या ते कळतच नाही.

चित्राने मला घाबरवलं होतं. मी सिगारेट तशीच ठेवली आणि चित्र तेवढं टाळलं.

आवाज बसला, तेव्हा एसीला दोष दिला. हळद-दूध घेत राहिलो. मग एकदा फोनवर मुलीने "कोण बोलतंय?" असं विचारलं, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. लॅरिंगोस्कोपी झाली, म्हणजे नाकातून बारीक कॅमेरा घालून स्वरयंत्र बघतात. त्यानंतर ती बायोप्सी.

मी एकच विचारलं, "आवाज राहील का?"

"रेडिएशनने भागलं तर राहील. नाही भागलं, तर स्वरयंत्र काढावं लागेल."

रेडिएशन म्हणजे किरणांनी गाठ जाळणं. प्लास्टिकच्या जाळीचा मास्क चेहऱ्यावर बसवून तो टेबलाला पक्का करतात. त्या वेळी दुखत नाही. दुखतं नंतर, थुंकी गिळतानासुद्धा. मानेची कातडी काळी पडून सोलली. आवाज पूर्ण गेला. घरी पाटीवर लिहून बोलायचो.

त्या दिवसांत दिलीप एकदा दहिसरला घरी आला. अर्धा तास टीव्हीकडे तोंड करून बसला, चहा न घेताच गेला. परत आला नाही.

"तुमचे मित्र ना हे?" मीना म्हणाली. "एकदाही तुमच्याकडे बघितलं नाही त्यांनी."

मला राग आला नाही. न बघणं त्याला मीच शिकवलं होतं.

उपचार संपल्यावर काही महिन्यांनी पुन्हा कॅमेरा घातला. "गाठ दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "स्वरयंत्र वाचलं. पण तपासणीला येत राहायचं, आणि सिगारेट कायमची बंद." आवाज आला होता, खरखरीत. त्याच आवाजात दिलीपला फोन केला.

"आयला, हा तुझा आवाज?"

"आता हाच. आला का नाहीस रे?"

"तुझी मान बघवत नाही यार. त्या दिवशी तुझ्याकडून निघालो आणि नाक्यावर लागोपाठ दोन ओढल्या."

"रविवारी ये. समोर बस आणि बघ."

तो म्हणाला, "चहा तरी देशील ना? की नुसती मानच दाखवणार?"

तो आला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "गिळताना किती दुखायचं?" मी सगळं सांगितलं, न सजवता. आवाज ज्यांनी वाचवला, त्यांचे उपकार मला सगळ्यात जास्त त्या दुपारी जाणवले.

दिलीपची सिगारेट अजून सुटलेली नाही. पण पुढच्या तपासणीला तो माझ्याबरोबर येतोय. दोघांचाही नंबर लावला आहे. त्याचा माझ्या आधी आहे.