मजारीवरचा कौल

माझी शाळा आठवीत सुटली, पण काळजी करण्याचा अभ्यास मी घरच्या घरी चालू ठेवला. त्यात मी बराच पुढे गेलो आहे.

सिंधुदुर्गातलं घर सोडून मी इथे नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटजवळ एका लॉजवर स्वयंपाकी आहे. पाहुण्यांना वाघ दिसो न दिसो, जेवण वेळेवर लागतं, त्यामुळे हंगामात सुट्टी नाही. गेल्या दिवाळीनंतर बायको बाळंतपणाला माहेरी होती आणि मी इथे वांगी परतत होतो. मागच्या खेपेला मूल पोटातच गेलं होतं. म्हणून फोन वाजला की आधी माझ्या हातातला झारा पडायचा.

आमच्याकडे अशा वेळी देवाला कौल लावतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण माझा देव राहिला तिकडे. इथे मी ज्यांच्या घरी भाड्याने राहतो, त्या काकींच्या धानाच्या बांधावर एका पीरबाबांची मजार आहे. काकी पोवार समाजाच्या. घरात देव्हारा, दारात तुळस. तरी नवं धान निघालं की पहिली ओंजळ बाबांना, मग चुलीवर भात. सासऱ्याच्या आज्यापासून असंच चालत आलंय म्हणतात.

मला वाटलं, देव कुठल्याही धर्माचा असो, कामाची पद्धत सगळीकडे एकच असणार.

एका सकाळी झेंडूच्या दोन पाकळ्या भिजवून मजारीवर चिकटवल्या, एक या अंगाला, एक त्या. गाऱ्हाणं घातलं. बाबा इथले, त्यांना कोकण काय माहीत, म्हणून सासुरवाडीचा पत्ता सांगितला. दवाखाना कुठल्या वळणावर आहे तेही सांगितलं. मागून "व्हय महाराजा" म्हणायला कुणी नव्हतं, ते मीच म्हटलं. आणि बसलो.

पाकळ्या पडेनात. आमचा पाषाण उभा, मजार आडवी. आडव्यावरून पाकळी पडणार कुठे? एवढं मला कळायला ऊन मानेवर यावं लागलं. त्यात नवीनच काळजी: बाबांची उजवी बाजू कुठली? उशाकडून धरायची की पायाकडून?

तेवढ्यात विळा घेऊन काकी आल्या. "काऊन रे, काय करून राहिला?"

मी सगळं सांगितलं. त्या बांधावर बसून हसल्या.

"अरे, बाबा झोपून हायेत. तुया पाकळ्या पाडाले उठून बसतीन का?" मग माझं तोंड बघून हसणं आवरलं. "आमी बाबाले इचारत नाई. सांगतो अन् आपल्या कामाले लागतो. सांगतलं ना तू?"

"पत्त्यासकट."

"मंग जा. तुयी भाजी करपून राहिली असन."

वाऱ्याने दोन्ही पाकळ्या एकदम उडवल्या. कुठली कुठे पडते ते बघायला मी धावलो, तर काकींनी शर्ट धरून मागे ओढलं.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला. झारा पडला. आई होती. मुलगी झाली, दोघी बऱ्या. मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसलो आणि इतका रडलो की वरण उतू गेलं.

"खयच्या देवाक सांगलं हुतंस?" आईने विचारलं.

"हयल्या पीरबाबांक."

मला वाटलं, आता बोलणी ऐकावी लागणार.

"मगे तेंका आपल्या झाडाचो नारळ व्हयो," ती म्हणाली. "धाडतंय."

नारळ पार्सलने आला. काकींनी नव्या धानाची ओंजळ ठेवली, शेजारी मी नारळ ठेवला. पोर चांगली आहे, तिची आई चांगली आहे, एवढंच बाबांना सांगितलं. विचारायचं काही उरलंच नव्हतं. हात जोडून वळलो तर मागे नारळ घरंगळल्याचा आवाज आला, आणि मान आपसूक वळायला लागली, कुठल्या बाजूला गेला ते बघायला.

"पाहू नोको!" काकी ओरडल्या. "चाल घरी."